कवडीचा ढीग

माझ्या याडीची, म्हणजे आईची, नजर तांड्यात नावाजलेली. पांढरा कापूस कोणता आणि डागाळलेली पिवळट कवडी कोणती, हे लालीबाईनं एकदा सांगितलं की विषय संपला. माझ्या बाच्या, उत्तमसिंगच्या, डोळ्यांत मोतीबिंदू. ती म्हणेल तोच त्याचा रंग.

तिचं काळीज मात्र अधू होतं. वणीच्या डॉक्टरांनी एक बारीकशी गोळी लावून दिली आणि रविवारी ती घ्यायची नाही, असं बजावलं. मी तेव्हा वणीलाच नर्सिंग शिकत होते. ओट्यावर बसून मी तिला समजावलं होतं, की शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या भिंतीत पंप असतात. ते सोडियम बाहेर फेकतात, पोटॅशियम आत ओढतात.

"हे कोन वं दोघं?"

"एक मिठातलं, एक केळ्यातलं. ही गोळी त्यातले थोडे पंप अडवते. मग सोडियम आत साचतं अन् थकलेलं काळीज जोर लावते. पण लय पंप अडले, तं काळजाचा ताल सुटते. म्हणून रविवारी सुट्टी."

"माह्या काळजात मोटार बसवली म्हन की!" म्हणून ती पोट धरून हसली होती.

त्या वर्षी कापसाचे भाव कोसळले. कवडीला तर कुणी हात लावेना. सुट्टीत मी घरी आले, तर बा दारात मान खाली घालून बसलेला.

"साराच माल पिवळा निंगाला, पोरी. लाजेनं कोनाले दाखवला बी नाही."

मी आत गेले. कवडीचा ढीग आढ्याला टेकला होता, आणि दुधासारखा पांढरा होता. शेजारी याडी ओकाऱ्या दाबत कापूस निवडत होती. मी ओढणीचा पदर तिच्यासमोर धरला.

"याडी, माही ओढनी कोन्या रंगाची हाय?"

"हळदीत बुडवली काय वं?"

ओढणी माझ्या गणवेशाची होती, पांढरी. ते औषध अंगात जास्त झालं की जग पिवळं दिसतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं.

"रविवारी गोळी घेत होती काय?"

"वेचनीत मले सुट्टी नाही, तं गोळीले कायची?"

तिची नाडी अडखळत होती. शेजारच्या शंकरसिंगनं जीप काढली. याडीचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

"याडी, कापूस पांढरा हाय. सारा पांढरा."

"मन नोको राखू माहं. म्या पाह्यला ना." तिला फार वाईट वाटत होतं. कापसाचं. मला ओरडावंसं वाटलं, की मरू दे तो कापूस!

वणी यायच्या आत ती गेली. कापूस खराब झाला, हेच मनात घेऊन गेली. न पाळलेल्या त्या रविवारांचा मला अजून राग येतो.

तेराव्यानंतर मी बाला सगळं समजावून सांगितलं. गोळी, पंप, पिवळी नजर. त्यानं मान डोलावली. मग गाडी भरून आम्ही मारेगावला गेलो. बानं कापूस कवडी म्हणून ओतला. व्यापारी प्रामाणिक निघाला.

"उत्तमसिंग, हा तं पांढराफेक हाय. कवडी कोन म्हन्ते?"

मी बाचा हात दाबला. त्यानं तो सोडवून घेतला.

"कवडीच लिवा," तो म्हणाला. "लालीनं पाह्यला हाय."