पाचवा दोरा

"वळव परत," गाडीखालून चनमल्लप्पाचा आवाज आला.

मायाप्पाने स्टेअरिंग डावीकडे फिरवले. कुईं. उजवीकडे फिरवले. कुईं.

"हळू की रं. कोकराची मान पिरगाळतोस का काय?"

एरवी मायाप्पा हसला असता. सात रस्त्याच्या मागच्या गल्लीतल्या या गॅरेजात तो अठरा वर्षे गाडी आणत होता. काम अर्ध्या तासाचे आणि गप्पा दोन तासांच्या, अशी त्या दोघांची रीत होती. पण आज तो गप्पांना आला नव्हता. आज तो चोर पकडायला आला होता, आणि चोर त्याच्याच पिकअपखाली उताणा पडला होता. त्याचे फक्त दोन पाय बाहेर दिसत होते.

"आवाज कवापास्नं हाय?" पायांच्या मालकाने विचारले.

"तुमी क्लचचं काम केल्यापास्नं," मायाप्पा म्हणाला आणि त्या पायांकडे टक लावून बसला. पाय काही हलले नाहीत. मुरलेला माणूस दिसतो, त्याच्या मनात आले.

आता मायाप्पाचा स्वभाव सांगायलाच हवा. चहात साखर कमी लागली तरी ती कोणी काढली असेल, असा विचार करणारा हा माणूस. आणि त्यात त्याची सगळी चूक होती असेही नाही. तरुणपणी तो बापामागे मेंढरे घेऊन रानोमाळ हिंडला होता. एकाच शेतात तीन-चार जणांचे कळप बसायचे, सकाळी एकमेकांत मिसळायचे, आणि आपले चांगले मेंढरू दुसऱ्याच्या कळपात चालू लागायचे. म्हणून मागच्या पायाला काळ्या लोकरीचा दोरा बांधायचा. त्याला घरची गाठ मारायची, तीन वेढे आणि टोक आत खोचलेले. ती दुसऱ्या कोणाला जमत नसे, त्यामुळे कोणाशी भांडायची वेळच येत नसे.

गेल्या महिन्यात क्लच प्लेट बदलायला गाडी दोन दिवस गॅरेजात ठेवावी लागणार होती. नेमका त्याच आठवड्यात मोहोळच्या बाजारात मेंढरांचा व्यापारी हिंदुराव त्याला भेटला. "गाडी गॅरेजात मुक्कामाला सोडली, की निम्मी दुसऱ्याची होती बघ," असे म्हणून त्याने कोणाच्या तरी पाहुण्याचा नवा डायनामो कसा गेला, याची कथा तिखटमीठ लावून सांगितली. झाले. मायाप्पाने घरी येऊन केराबाईकडे लोकरीचा दोरा मागितला.

"कशाला वो?" बायकोने विचारले.

"गाडीला बांधतो. दृष्ट लागती."

त्याने पाच दोरे बांधले. बॅटरीच्या पट्टीला, डायनामोला, जॅकला आणि स्टेपनीला. पाचवा बांधताना सीटवर आडवे पडून मान वाकडी करावी लागली. स्टेअरिंगचा रॉड खाली, पायाजवळच्या रबरी टोपणातून पलीकडे जातो, तिथे अगदी टोपणाच्या वर. गाडी परत मिळाल्यावर त्याने सगळे तपासले. चार दोरे होते. पाचवा नव्हता. आणि दुसऱ्याच दिवशी स्टेअरिंग कुईं करू लागले. म्हणजे आपला चांगला रॉड काढून कुठला तरी जुना घातला, यात आता शंका कसली?

"अगुदर त्यास्नी इचारा तरी," केराबाई म्हणाली होती.

"चोर कबूल करतो व्हय?"

त्याने चनमल्लप्पाला विचारले नाही. हिंदुरावला मात्र सांगितले. आणि हिंदुरावला सांगणे म्हणजे बाजारात भोंगा लावण्यासारखेच.

चनमल्लप्पा सरपटत बाहेर आला. पासष्टीचा माणूस, पण गुडघ्यावर हात न टेकता उठला. त्याने एक लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक चाकाजवळच्या सांध्याला लावले आणि मूठ कानाला. "वळव." ऐकले. "हे न्हाय." मग त्या सांध्यावर तेलाचा एकच थेंब सोडला, परत ऐकले, पुढच्या सांध्याकडे गेला.

"सगळीकडं एकदम तेल मारा की अण्णा. येळ कशाला घालवताय?"

"तसं केलं तर आवाज जाईल. पन कुटं हुता ते कळनार न्हाय, अन् म्हयन्यानं परत येईल."

नाटक, मायाप्पाला वाटले. त्याने खडा टाकून पाहिला. "रॉड खराब हाय का? बदललाबिदलला न्हवं?"

"तुजाच हाय त्यो."

लगेच उत्तर आले. फारच लगेच आले, असे मायाप्पाने मनात नोंदवून ठेवले.

चहा आला. चनमल्लप्पा त्याच्या स्टुलावर बसला. स्टुलावर घडी केलेले घोंगडे होते, मायाप्पाच्याच मेंढरांच्या लोकरीचे. मेंढरे विकून पहिली गाडी घेतली, त्या वर्षी त्याने ते दिले होते. गाडी चालवायला शिकवली ती चनमल्लप्पानेच, रिकाम्या मैदानात, कानडीत शिव्या देत. सुरुवातीला वाटेत कोणी आडवे आले, की मायाप्पा हॉर्न सोडून "हुर्रर्र, हुर्रर्र" करायचा. "मेंढरं न्हाईत ती, हॉर्न दाब," असे म्हणून चनमल्लप्पा पोट धरून हसायचा. हे सगळे आता आठवायला नको होते, तरी आठवले, आणि मायाप्पाला स्वतःचाच राग आला.

"मोहोळकडचं कोन येईना झालंय बघ," चनमल्लप्पा बशीत फुंकर घालत म्हणाला. "म्हयन्यात एक गाडी न्हाय. तिकडं काय झालंय का?"

"सुगी हाय," मायाप्पा म्हणाला आणि घाईने चहा पिऊन जीभ भाजून घेतली. सुगी केव्हाच उरकली होती.

"हां. मंग बरूबर," चनमल्लप्पा म्हणाला.

चहा झाल्यावर तो गाडीच्या आत शिरला. सीटखाली पाठ, पेडलांजवळ डोके आणि छातीवर टॉर्च. मायाप्पाने दारातून हात घालून स्टेअरिंग धरले. "वळव." कुईं. त्याने रबरी टोपण बोटाने दाबून धरले. "वळव." आवाज आला नाही. बोट काढले. कुईं.

"साकु," तो म्हणाला. म्हणजे पुरे झाले, सापडले.

मायाप्पा पुढे वाकला. आता रॉड उघडा पडणार, आणि तो आपला नाही हे दिसणार. चनमल्लप्पाने बारक्या पान्याच्या टोकाने रबराची कड उचलली आणि चिमट्याने आतून काहीतरी ओढून काढले. धुळीने माखलेली काळी गोळी होती ती. खालून बाहेर येऊन, स्टुलावर बसून त्याने ती नखाने हळूहळू उलगडली.

लोकरीचा दोरा. रॉड फिरता फिरता घसरून टोपणात गेलेला, आतले ग्रीस पिऊन बसलेला. आणि गाठ जशीच्या तशी. तीन वेढे, टोक आत खोचलेले.

"ही तुजी गाठ," चनमल्लप्पा म्हणाला. घोंगडे दिले, त्या दिवशी मायाप्पानेच ती त्याला मोठ्या ऐटीत दाखवली होती.

"दृष्टीचा हाय त्यो," मायाप्पा म्हणाला.

"मला बी तसंच वाटलं. बाकीचं चार दोरं तवाच दिसलं हुतं. म्हनलं केराबाईनं बांधलं असंल, कशाला हात लावा. बॅटरीचा तेवढा काढावा लागला, पट्टी सोडल्याबिगर बॅटरी निघत न्हाय. परत बांधला." तो हातातल्या दोऱ्याकडे बघत राहिला. रस्त्यावरून एक रिक्षा गेली. "पन दृष्टीचा दोरा पायाजवळ कोन बांधत न्हाय, मायाप्पा."

शरमेने मायाप्पाचे कान तापले.

"म्हंजे सुगी न्हवती," चनमल्लप्पा म्हणाला.

तो उठला. रबराच्या आत बोटभर ग्रीस लावले, कड नीट बसवली. "वळव." मायाप्पाने वळवले. डावीकडे, उजवीकडे. काहीच आवाज नाही.

"अण्णा, मी बाजारात समद्यांस्नी सांगतो..."

"ब्याडा," चनमल्लप्पा म्हणाला. नको. त्याने हात पुसले आणि मायाप्पाला गाडीच्या मागे नेले. अठरा वर्षांत त्याने हे कधी केले नव्हते. "ही स्टेपनी. बघून घे. ह्यो जॅक. दोरा हाय न्हवं? बघून घे." पुढे येऊन बॉनेट उघडू लागला.

"अण्णा, नगा."

"बघून घे," तो शांतपणे म्हणाला. पण मायाप्पा सीटवर जाऊन बसला होता. चनमल्लप्पाने बॉनेट तसेच दाबून लावले, आणि वळून दुसऱ्या गाडीच्या चाकाशी जाऊन बसला.

पुण्याच्या रस्त्याला लागल्यावर गाडी पाण्यासारखी चालली. मायाप्पा प्रत्येक वळणावर कान देत होता. मोहोळ जवळ आले तेव्हा त्याला राहवले नाही. त्याने गाडी कडेला घेतली आणि बॉनेट उघडले.

महिन्यापूर्वी त्याने बॅटरीचा दोरा पाहिला होता, पण तो आहे एवढेच पाहिले होते. आता त्याने गाठ पाहिली. तीन वेढे घालायचा प्रयत्न केलेला होता. टोक आत खोचता आले नव्हते, ते बाहेरच राहिले होते. सुटून पडू नये म्हणून त्यावर दोन साध्या गाठी मारल्या होत्या, एकीवर एक, घट्ट. दोऱ्यावर तेलकट बोटांचे डाग होते.

मागून एक टेम्पो येऊन थांबला. खिडकीतून हिंदुरावचे डोके बाहेर आले.

"पडली का बंद? म्या म्हनलं न्हवतं का, त्या चनमल्लप्पानं..."

"गाडी चांगली हाय," मायाप्पा म्हणाला. "तू खाली उतर. हिकडं ये."

हिंदुराव उतरला, जवळ आला, वाकून पाहू लागला. "काय हाय?"

मायाप्पाने त्या गाठीवर बोट ठेवले. "ही गाठ चनमल्लप्पाअण्णांनी बांधलीया. मी चुकीचं बोललो हुतो," मायाप्पा म्हणाला. तो तसाच, बोट ठेवून उभा राहिला.