मुरायला ठेवलेला पाव

माझी धाकटी जाऊ सुभद्रा आपली जर्मन सून सगळ्या अमरावतीला दाखवत फिरते. नाताळ जवळ आला तसं तिनं प्लॅस्टिकचं झाड आणलं, त्यावर गणपतीतल्या माळा चढवल्या, बेकरीत तीन मजली केक सांगितला आणि महिला मंडळाला आवतण दिलं. सुनेला काय हवं, ते मात्र विचारलं नाही.

फ्रीडाला एकच हवं होतं. तिची आई मागच्या वर्षी गेली. आई नाताळला करायची तो श्टोलन, म्हणजे सुक्या मेव्याचा जड पाव, तिनं महिनाभर आधीच भाजला. शेंदूरजनाघाटच्या आमच्या संत्र्यांच्या साली पाकवून आत घातल्या, वरून लोणी आणि पिठीसाखरेचा थर दिला, फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवला.

“मोठीआई, आता नाई खायचं,” ती मला म्हणाली. “मुरून राहिलं. नाताळच्या आदल्या सांजेले कापू. आई तवाच कापे.”

मला वेगळं सांगावं लागलं नाही. माझी आई लोणच्याच्या बरणीला दादरा बांधायची, मग वडीलसुद्धा तिला हात लावायला धजत नसत.

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी पाहते तर फळी रिकामी.

“सुभद्रे, पाव कुठी गेला वं?”

“तो? गाईले देल्ला, जाऊबाई. कितीक दिसाचा शिळा! वरून पांढरी बुरशी आली होती.”

“साखर होती ते.”

“मले काय मालूम? संध्याकाळी बाया येऊन राहिल्या. घरात शिळं दिसलं तं काय म्हनतीन?”

मुरलेलं आणि शिळं यातला फरक जिला साठीतही कळत नाही, तिच्याशी काय बोलायचं! फ्रीडा जिन्यात बसून रडत होती, आणि ही तिला समजावत होती, “रडू नको बाप्पा, केक आहे ना!”

मी फ्रीडाला उठवलं. पाकवलेल्या साली थोड्या उरल्या होत्या. दोघींनी नवं पीठ मळलं. संध्याकाळी पाव भाजून निघाला, तेव्हा खाली बाया जमल्या होत्या.

“कापतं का?” मी विचारलं.

तिनं डोळे पुसले. “कच्चा आहे, मुरला नाई. संक्रांतीले कापू. तुमी कापा, मोठीआई.”

पाव फडक्यात गुंडाळून मी माझ्या लोखंडी कपाटात लुगड्यांमध्ये ठेवला आणि किल्ली कमरेला खोचली. सुभद्रा धावत वर आली.

“तो नवा पाव कुठी आहे? बायांले जर्मन नाताळ दाखवाचा आहे!”

“गाय दाखव,” मी म्हटलं. “तुह्या घरचा नाताळ तिनंच खाल्ला.”