शेंदराखालचा बाण

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे आणि डूख धरण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

माझा जन्म खोल समुद्राच्या तळाशी, एका दरीत झाला. गाळाचा लोंढा आला की आधी जाड वाळू बसायची, मग बारीक, शेवटी चिखल. असे हजारो थर साचून ती दरी भरली. पुढे जमीन उचलली गेली आणि अंदमानच्या किनाऱ्यावर ते थर कपाटातल्या पुस्तकांसारखे उभे राहिले. आता पहिला थर कोणत्या टोकाचा, हे सांगणार कोण? मी सांगणार. माझ्या पोटाला लोंढ्याने उठवलेले उंचवटे आहेत. पोट खाली धरलं की दरीचा सारा इतिहास सरळ वाचता येतो.

१९७१ साली कोल्हापूरच्या एका कॉलेजात भूशास्त्र शिकवणाऱ्या कालिंदीबाईंनी मला तिथून आणलं. काढण्याआधी माझ्या कडेवर, वरची बाजू दाखवणारा बाण रंगवला. त्या दरीचा इतिहास त्या माझ्यावरून लिहिणार होत्या. इतका मान मला कधी मिळाला नव्हता.

खंडेनवमीला हातोडे, होकायंत्रं आणि दगड पूजेला मांडले गेले. शिपाई आकारामने मला काथ्याने घासलं, त्यात बाण गेला. विभागप्रमुख हंबीरराव म्हणाले, "उंचवटं वर घ्या. शोभा दिसत्या." मला उपडा करून त्यांनी शेंदूर फासला आणि बाण स्वतःच काढला, उलटा. त्यावरून त्यांनी अख्खी दरी उलटी लिहिली आणि नाव कमावलं.

कालिंदीबाई भांडल्या. "दगडालाच विचारा की," म्हणून हंबीरराव हसले आणि त्यांनी बाईंचं संशोधन काढून घेतलं. बाई बारा वर्षं पहिल्या वर्षाची मुलं शिकवत राहिल्या. मी दर खंडेनवमीला शेंदराचा नवा थर अंगावर घेत राहिलो. त्या माणसाचा मला मनापासून राग होता.

१९८३ साली हंबीररावांचा सत्कार झाला. मला हार घालून टेबलावर ठेवलं. एका पाहुण्याने विचारलं, "याची वरची बाजू कशावरून ठरवलीत?"

"दगडालाच विचारा की," हंबीरराव सवयीने म्हणाले.

"विचारते," म्हणत कालिंदीबाई उठल्या आणि त्यांनी मला दगड कापायच्या यंत्रावर ठेवायला सांगितलं.

"बाई, देवाला कापायचं व्हय?" आकाराम घुटमळला.

"तो देव नाही आकाराम. साक्षीदार आहे."

"मग ठेवतो. बाण माझ्याच हातानं गेलता."

पातं अंगातून गेलं तेव्हा फार दुखलं, पण खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. पाहुणे वाकून बघू लागले. वर, शेंदराखाली, जाड वाळू. खाली चिखल. आधी बसणारी वाळू वर, म्हणजे मी उलटा, हे सगळ्यांना कळलं. हंबीररावांनी गळ्यातला हार हळूच काढून ठेवला.

आता मी दोन तुकड्यांत आहे. माझ्या कडेवर बाईंनी पुन्हा बाण काढला आहे. मित्रांनो, दगड उचलण्याआधी तो कसा पडला होता ते नीट बघून ठेवा. उलटा ठेवाल, तर आम्ही वाट बघू. आम्हाला घाई नसते.