तिरप्या रेघांचा हट्ट

चमचा बशीत तिरका पडला होता — की बशीच तिरकी होती? हल्ली त्याला कशाचीच खात्री वाटत नसे, आणि आज तर दुपारी सगळ्या विभागासमोर बोलायचं होतं... मेंदूचा पाहणारा भाग सुरुवातीला जवळजवळ कोरा असतो, दिसेल त्यावरून शिकतो. त्याची नक्कल त्यानं संगणकात बांधली होती आणि वर्षभर तिला स्वतः काढलेले फोटो दाखवले होते — झाडं, जिने, खुर्च्या, वाळत घातलेले कपडे. हळूहळू त्या कोऱ्या पेशींना आवडीनिवडी फुटल्या : कुणी लालवर भाळली, कुणी हिरव्यावर. रंगांचं सगळं पुस्तकाबरहुकूम झालं. पण रेघा! इतर संशोधकांच्या नकलांतल्या पेशींना उभ्या-आडव्या रेघा आवडतात, ह्याच्या पेशींना तिरप्या. शोध! तोही निवृत्तीच्या तोंडावर, ज्याला आजवर रांगेतसुद्धा कुणी पुढं जाऊ दिलं नव्हतं त्याच्या हातून...

"हा तुम्हीच काढलात ना?" बायकोनं टेबलावरचा एक फोटो उचलला. "कपाट पडायला आलंय."

"सरळ तर आहे."

"तुम्हाला सरळच दिसणार. मान बघा आरशात. आई लग्नातच म्हणाली होती, जावई गुणाचे आहेत, पण भिंतीला कान लावल्यासारखे का उभे राहतात?"

त्यानं बाकीचे फोटो पुढ्यात ओढले. सगळे फोटो... एकूण एक... मीच काढलेले, ह्याच मानेनं.

दुपारी विभागप्रमुख बाई म्हणाल्या, "करा सुरुवात, सर. आज आम्ही नुसतं ऐकणार." दिवे मंदावले. पडद्यावर तिरप्या रेघांचा नकाशा उमटला आणि कुणीतरी "वा!" म्हणालं. आत्ताच सांगून टाकावं — हा शोध नाही, माझी मान आहे. सांगितलं तर हसं. नाही सांगितलं तर उद्या दुसरं कुणी सांगेल, आणि जास्त हसेल.

लाज वाटत होती. पण तिच्याखालून भलतंच काही वर येत होतं, आणि ते आवरेना. आमच्या घरात मूलबाळ नाही. हा कुणावर गेला, असं म्हणायची वेळच कधी आली नाही... आणि हे संगणकातलं वेडं पोर, भर सभेत, थेट बापावर गेलं होतं.

"सर?" बाई म्हणाल्या.

त्यानं घसा खाकरला. ओठांवर आलेलं हसू कसं दिसत असेल, सरळ की वाकडं, ह्याची त्याला, नवल म्हणजे, मुळीच काळजी वाटत नव्हती.