अर्धा हुकूम

शब्दाचं शेपूट खायची सवय साहेबांना लहानपणापासूनची. पुढे ते पाणबुडीचे कप्तान झाले, आणि पाणबुडीत हळू बोलणं हाच धर्म, कारण आवाज झाला की शत्रूच्या कानावर जातो. म्हणजे आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. खलाशी त्यांना पाठीमागे 'कुजबुजसाहेब' म्हणायचे. घरी चष्मा मागितला की चहा यायचा, आणि साहेब तो गुमान पिऊन वर्तमानपत्र अंदाजाने वाचायचे.

पण नशीब जोरावर असलं की काय होतं बघा. युद्धाच्या तिसऱ्या वर्षी एका सकाळी पाणबुडी हवा घ्यायला वर आली, तर समोर शत्रूचं हे एवढं मालवाहू जहाज. साहेबांची पाचावर धारण बसली. "बुडी मारा" असं सांगायला त्यांनी बोलनळीला तोंड लावलं, आणि घशाला कोरड पडलेली, त्यामुळे बाहेर पडलं एवढंच: "बुड…"

सुकाणूच्या चक्रावर बसलेल्याने ऐकलं 'बुडी', त्याने पाणबुडी खाली नेली. पुढच्या टोकाला टॉर्पेडोवाल्याने ऐकलं 'बुडवा', त्याने खटका ओढला. जहाज गेलं तळाला. त्यावरची माणसं होड्यांत बसून सुखरूप किनाऱ्याला लागली, हे एक बरं झालं. शत्रूच्या गस्ती नौका धावत आल्या तेव्हा तिथे नुसतं पाणी. हाणायचं आणि त्याच क्षणी गुप्त व्हायचं, असा डाव तोवर कुणी खेळलाच नव्हता. साहेबांच्या छातीवर पदक लागलं. एवढा नेमका हुकूम कसा सुचला, असं वरिष्ठांनी विचारलं तर साहेब लाजून काहीतरी पुटपुटले, आणि तो विनय समजला गेला.

पुढची सगळी कारकीर्द अशीच. एका लांबलेल्या बैठकीत कंटाळून ते म्हणाले, "मला जा… द्या." पोटात होतं 'जाऊ द्या', वरिष्ठांनी ऐकलं 'जादा द्या'. सहा पाणबुड्या जादा मिळाल्या आणि वर बढती. निवृत्त झाले तेव्हा छातीवर पदकांना जागा उरली नव्हती, आणि पोटात ती 'बुड…'ची गोष्ट पंचवीस वर्षं तशीच पडून होती.

मग पाणबुडी-शाळेचं पत्र आलं. तो ऐतिहासिक हुकूम साहेबांच्या आवाजात टेप करायचा होता, नव्या मुलांना पहिल्या दिवशी ऐकवायला. साक्षीला टॉर्पेडोवाल्यालाही बोलावलं होतं. चक्रावरचा मागेच वारला होता. पत्र वाचून साहेबांनी अंथरूण धरलं. बाईसाहेब मात्र कोटाला इस्त्री करत खिडकीतूनच शेजारणीला सांगत होत्या, "आमच्या ह्यांना भीती म्हणून ठाऊक नाही." आता खरं बाहेर पडलं तर नाव गेलं, आणि बायकोला गल्लीत मान वर करता येणार नाही. साहेबांना दोन दिवस जेवण गेलं नाही.

टेप करायची खोली चहूबाजूंनी गाद्या ठोकलेली, मध्ये टेबल, टेबलावर मायक्रोफोन. साहेबांबरोबर आलेल्या बाईसाहेब भिंतीकडेच्या खुर्चीवर बसल्या. टॉर्पेडोवाला आधीच येऊन बसला होता. वाळून पार काडी झालेला. साहेबांना बघून उठला, पाया पडायला वाकला, आणि वाकल्या वाकल्याच हळूच म्हणाला, "साहेब, एक विचारू? त्या दिवशी तुम्ही नेमकं काय म्हणालात?"

"का रे?" साहेबांनी विचारलं.

"वर आल्यावर चक्रावरचा म्हणाला, हुकूम बुडीचा होता. मी म्हटलं, बुडवायचा. तेव्हापासून माझा माझ्या कानावर विश्वास नाही. युद्ध संपल्यावर नोकरी सोडली, घड्याळं दुरुस्त करतो. गिऱ्हाइकाकडून सगळं दोनदा वदवून घेतो आणि वर लिहूनही घेतो. बायको गेली तेव्हा शेवटचं काहीतरी बोलली, तेही मी नीट ऐकलं की नाही कोण जाणे. आज तुम्ही सांगाल ते मी खरं धरणार."

साहेबांना भडभडून आलं. पण मनातल्या मनात हायसंही वाटलं. 'बुडवा' म्हणून टाकायचं. याचा जीव शांत, आपलं पदक शाबूत, बाईसाहेबांची मान वर. एका दगडात तीन पक्षी.

शाळेच्या प्रमुखांनी खूण केली. साहेबांनी छाती फुगवली, मायक्रोफोनला तोंड लावलं आणि हुकूम दिला.

"बुड…"

"साहेब, पुढचं नाही आलं," प्रमुख म्हणाले. "पुन्हा एकदा."

"बुड…"

तिसऱ्यांदाही तेच. साहेब घामाघूम झाले. टॉर्पेडोवाला खुर्चीवरून उठून उभा राहिला होता. "हेच," तो म्हणाला. "हेच आलं होतं नळीतून."

आता मात्र साहेबांनी कोटाची वरची गुंडी सोडली. "अरे, मला 'बुडी' म्हणायचं होतं," ते म्हणाले, आणि या खेपेला शब्द न शब्द ऐकू आला. "मी घाबरलो होतो. पळायचं होतं मला. पुढचा शब्द तोंडातून निघालाच नाही. जहाज बुडवलं ते तू, आणि पदक लावून हिंडलो मी."

प्रमुखांनी घाईघाईने टेप थांबवायचं बटण शोधलं. साहेबांनी चोरून बाईसाहेबांकडे पाहिलं. त्या पर्समधून रुमाल काढत होत्या. "घाम पुसा," त्या म्हणाल्या. "घरात पाल दिसली की पलंगावर कोण चढतं, हे मला काय आज कळतंय? गल्लीला काय सांगायचं ते माझं मी बघते."

साहेबांनी पदक काढून टॉर्पेडोवाल्यापुढे धरलं. त्याचं लक्षच नव्हतं. तो प्रमुखांना विनवत होता, तेवढं एकदा पुन्हा लावा म्हणून. टेप फिरली. "बुड…" तो डोळे मिटून, मान कलती करून ऐकत राहिला. पुन्हा लावायला लावलं, पुन्हा ऐकलं.

"पुढे काही नाहीच," तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "म्हणजे नळीतून जेवढं आलं तेवढं मी बरोबर ऐकलं होतं. मग बायकोचंही बरोबरच ऐकलं असणार."