चिकट बोटं

उदगीरच्या स्टेशनमागं मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. औशापासून जळकोटापर्यंतची माणसं आली होती. पांढऱ्या बुटातला ब्रदर सत्यम माईकवर किंचाळत होता, "शुगरच्या भुता, नीघ! बोला हालेलुया!" आणि माणसं घसा फाटेस्तोवर बोलत होती. माझा लेक सुदर्शनसुद्धा. शाळेत विज्ञान शिकवतो तो!

चमत्कार असा. शुगरवाल्याच्या हातात आधी 'मान्ना' द्यायचा. मान्ना म्हणजे मधात बुडवलेला खजूर. खायचा नाही, मुठीत धरून पापं कबूल करायची. मग बोटाला सुई, रक्ताचा थेंब मशीनला. माझी सून सिंधु पुढं गेली, तिचा आकडा आला चारशेच्या वर. बायकांनी तोंडाला पदर लावले. मग खजूर खायला लावला, बायबलातल्या यार्देन नदीचं पाणी म्हणून एका घंगाळात हात धुवायला लावले, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. परत सुई. एकशे तीस!

"भगिनी, तू बरी झालीस! आता इन्सुलिन घेणं म्हणजे अविश्वास. टाक या पेटीत!"

सिंधुला लहानपणापासून इंजेक्शनं आहेत. तिनं आनंदानं रडत इन्सुलिन टाकलं, पिशवीत आणलेलं घरचं मशीनही टाकलं.

"सुदर्शन, डॉक्टरला तरी इचार की रे."

"माय, विश्वास डोळे मिटून ठेवायचा असतो."

तिसऱ्या दिवशी सिंधु ओकून ओकून आडवी पडली. श्वास धापा टाकल्यासारखा, तोंडाला सडक्या फळाचा वास. सुदर्शन उशाशी गुडघे टेकून प्रार्थना करत बसला होता. त्याला बाजूला सारून मी शेजाऱ्याचा ऑटो बोलावला आणि दवाखाना गाठला. तिथं नर्सबाई सुई टोचायच्या आधी सिंधुचं बोट पाण्यानं धुवायला लागल्या. मी खेकसले, "बाई, लेकरू मरून राहिलंय अन् तुमी हात कसले धुता?"

"आजी, बोटाला गोड लागलेलं असलं तर मशीन त्याचाच आकडा दाखवतं. लई मोठा, खोटा."

मी शाळा दुसरीत सोडली. पण खजुराचा मध बोटाला कसा चिकटतो ते मला कुणी शिकवायला नको. चारशे तो मधाचा आकडा होता. आणि एकशे तीस? ते त्या दिवशी सकाळी घरी घेतलेल्या इन्सुलिनचं काम! ज्या औषधानं तिला नीट ठेवलं, तेच त्या मेल्यानं पेटीत टाकायला लावलं. मी नर्सबाईंना माझंही बोट तपासायला लावलं. मला शुगर नव्हती.

सिंधु वाचली. घरी येताच म्हणते, "आत्याबाई, माझाच विश्वास कमी पडला. मला परत तिथं न्या."

असा संताप आला! मरता मरता वाचलेली पोर स्वतःलाच दोषी धरून बसली होती. म्हटलं, "आधी सुई घे, मग नेते."

मांडवात सुदर्शन अन् सिंधु बाजूला थांबले, मी रांगेत उभी राहिले. मान्ना हातात घेतला, चांगला चोळला. सुई टोचली. तीनशे ऐंशी.

"माताजी, तुमच्यात लपलेली शुगर प्रभूनं उघडी केली!"

"थांब," मी म्हटलं. घंगाळाकडं गेलेच नाही. घरच्या नळाचं पाणी बाटलीत आणलं होतं, त्यानं हात धुतले, पदराला पुसले आणि बोट पुढं केलं. "आता तोंड मिट. प्रार्थना नगं, नदी नगं. टोच."

"देवाची परीक्षा घेऊ नका!"

"देवाची न्हाई रे, तुझी घेते."

तो मशीन उचलून मागं सरला. तेवढ्यात सिंधु पुढं आली. त्याच्या हातातनं मशीन घेतलं, नवी सुई लावली आणि माझं बोट टोचलं. आकडा आला अठ्ठ्याण्णव.

तिनं तो आकडा मोठ्यानं वाचला. मग पेटी उघडली आणि आपलं मशीन शोधून काढलं. इन्सुलिन मी घेऊ दिलं नाही, उन्हानं नासलं होतं. मांडवात आरडाओरडा झाला. पण शिव्या त्याला नव्हत्या, मला होत्या. "या म्हातारीनं, या गुरम्मानं देवाच्या सेवकाचा अपमान केला!" एकालाही वाटलं नाही की आपलं बोट धुऊन बघावं. न कळणं निराळं. यांना कळून घ्यायचंच नव्हतं.

घरी सुदर्शन मान खाली घालून म्हणाला, "माय, शंका घेणं पाप हाय असं वाटलं मला."

"कुठल्या शाळेचा मास्तर रे तू? आपला प्रभू मरणातून उठला याची शिष्याला शंका आली, तेव्हा प्रभूनं त्याला हाकललं का? जखमांचा हात पुढं केला, बोट लावून बघ म्हणाला. खऱ्याला बोटाची भीती नसती. मशीन घेऊन मागं कोण सरला, ते बघितलंस न्हवं?"

सिंधु आता जेवणाआधी हात धुते, सुई घेते, मग डोळे मिटून प्रार्थना करते. मीही तिच्याबरोबर करते. देवावर माझा विश्वास आहे, म्हणूनच त्याच्या नावानं खोटं खपवून घेत नाही. तुमच्या दारात कुणी औषधं टाकून द्या म्हणत आला, तर आधी स्वच्छ पाण्यानं हात धुवा, आणि मग त्याच्यासमोर टोचायला बोट पुढं करा.