तेरखेड्याच्या माळावर दुसऱ्यांदा पेटलेलं इंजिन

मित्रांनो, तांब्याएवढ्या उंचीचं, काजळी धरलेलं मी एक रॉकेट इंजिन आहे. उभ्या आयुष्यात मी मिनिटभरसुद्धा पेटलो नाही. पण जेवढा पेटलो, ते आठवलं की आजही अंगावर शहारा येतो!

माझा जन्म तेरखेड्याजवळच्या एका पत्र्याच्या शेडात झाला. मला घडवलं सानियानं. तिचे अब्बा चाँदपाशा फटाके बनवतात. सानिया इंजिनिअर झाली आणि मैत्रीण वैष्णवीबरोबर तिनं छोटीशी कंपनी काढली. उद्या माणसं तिकीट काढून अवकाशात जातील, त्यांच्या यानाचं इंजिन आपण करायचं, हे दोघींचं स्वप्न!

शेजारच्या कमलबाई हसून म्हणाल्या, "जाईन की गं म्या! पर माघारी आणतीस का?"

"त्याच्यासाठीच तर हे, मावशी," सानिया म्हणाली. "फटाका एकदा पेटला की थांबत न्हाय. हे मधीच बंद करायचं अन् परत पेटवायचं. तरच माघारी येता येतं."

पहिल्या चाचणीला मला माळावर लोखंडी चौकटीत जखडलं. ऑक्सिजन आणि स्पिरिट आत आलं, ठिणगी पडली आणि मी गर्जलो! सानियानं मला बंद केलं. पुन्हा कळ दाबली, तर मी गप्प. ठिणगी पाडणारं टोक माझ्याच ज्वाळेत वितळलं होतं. "फुसका बार!" कुणीतरी म्हणालं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वैष्णवी म्हणाली, "एकदाच पेटणारं करू या का? सोपं पडेल."

"त्यात तू आईला बसवशील?" सानियानं विचारलं.

वैष्णवीनं पाना उचलला. दोघींनी माझ्या कुशीत एक कोनाडा कोरला आणि ठिणगीचं टोक ज्वाळेपासून दूर, त्या आडोशाला बसवलं.

दुसऱ्या चाचणीला चाँदपाशाही आले.

"अब्बा, तुमी बांधाच्या मागंच थांबा," सानिया म्हणाली.

मी पेटलो. मी विझलो. माळावर सगळं चिडीचूप. सानियानं कळ दाबली आणि मित्रांनो, मी पुन्हा पेटलो! निळी ज्वाळा सरळ सुटली, जमीन थरथरली.

"अगं, इझलेलं परत पेटलं की!" चाँदपाशा ओरडले. वैष्णवी हसता हसता रडू लागली.

त्या धगीनं माझ्या गळ्याला भेग पडली. आता मी शेडातल्या फळीवर असतो आणि माझ्या मापावरून मोठं इंजिन घडतं आहे. शाळेतली मुलं मला बघायला येतात, कुणी मला पुसून चकचकीत करू पाहतं. मित्रांनो, तसं करू नका. काजळी राहू द्या, धग कुठून कशी गेली ते तिच्यावरूनच कळतं. भिंग घेऊन माझी भेग निरखा, ती कुठून सुरू झाली ते सानियाबरोबर शोधा. मोठ्या इंजिनाच्या जिवावर माणसं बसणार आहेत. त्याला अशी भेग पडता कामा नये.